पहिला टॅटू काढण्याआधी

(पुण्यातल्या एका महाविद्यालयात त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुम्ही दारातल्या डब्यात टाकलेल्या चिठ्ठ्या मी आत येण्याआधी वाचून काढल्या. बहुतेकांनी एकच विचारलंय, किती दुखतं? त्याचं उत्तर पटकन देते. दुखतं, पण सोसवतं. बरगड्या, घोटा, मनगटाची आतली बाजू इथे जास्त, दंडाच्या बाहेरच्या बाजूला कमी. उपाशीपोटी जाऊ नका, भोवळ येते. आणि दुखू नये म्हणून ऑनलाइन मागवलेलं बधिर करणारं मलम थापून वर प्लॅस्टिक गुंडाळून बसू नका. त्यात लिडोकेन हे बधिर करणारं औषध जास्त असेल आणि ते मोठ्या भागावर लावलं, तर रक्तात उतरून झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२४ मध्ये अशा मलमांबद्दल जाहीर इशारा दिला होता.

मला जास्त वेळ द्यायचाय तो वेगळ्या चिठ्ठ्यांना. एकीने लिहिलंय, ‘डिझाइन ठरलंय, पैसे साठवलेत, तरी जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.’ असं वाटणारे इथे बरेच असतील. ही भीती दाबू नका, कुणी ‘घाबरट’ म्हटलं तरी. फक्त ती नेमकी कशाची बाळगायची, ते समजून घ्या.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर साधारण महिनाभरात झडून नवा येतो. शाई तिथे टिकणारच नाही. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल जाते, आणि तिथे रक्तवाहिन्या असतात. शरीराला ही शाई परकी. पांढऱ्या पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत, तशाच बसून राहतात. त्या मेल्या की नव्या पेशी तीच शाई गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. थोडी शाई लसिका ग्रंथींपर्यंतही पोचते. म्हणून मी टॅटूकडे जखम म्हणूनच बघते. जखमेला जे नियम, तेच याला.

गोंदण आपल्याकडे नवं नाही. तुमच्यातल्या कित्येकांच्या आज्यांच्या कपाळावर, हातावर हिरवे ठिपके असतील, तुळशीवृंदावन असेल. पूर्वी एकाच सुईने आळीतल्या सगळ्या पोरीबाळींना गोंदलं जायचं. जत्रेत, रस्त्याकडेला मशिन घेऊन बसणाऱ्यांकडे आजही ते बघायला मिळतं. स्वस्तात नाव गोंदून देतात, पण सुई तीच आणि शाईची वाटीही तीच. हेपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान सात दिवस तग धरतो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढं रक्त त्याला पुरतं. सुई उकळत्या पाण्यातून काढली किंवा स्पिरिटने पुसली, एवढ्यावर समाधान मानू नका. पुन्हा वापरायच्या वस्तूंना ऑटोक्लेव्ह हे निर्जंतुकीकरणाचं यंत्रच हवं, १२१ अंशांवर, दाबाखालच्या वाफेत. आणि सुई पुन्हा वापरायचीच नसते.

हेपॅटायटिस बीला लस आहे, तीन डोसांची: पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा. सरकारी लसीकरणात ती देशभर सगळीकडे पोचेपर्यंत २०११ उजाडलं. तुमचा जन्म त्याआधीचा. तेव्हा आज घरी गेल्यावर आईला तुमचं लसीकरणाचं कार्ड शोधायला सांगा. नोंद नसेल, तर आधी लस आणि मग टॅटू. हेपॅटायटिस सी आणि एचआयव्हीला लस नाही. तिथे तुमचे डोळे हाच बचाव.

डोळे कुठे ठेवायचे ते सांगते. फर्ग्युसन रस्त्यावर, कॅम्पात, कोरेगाव पार्कात चकचकीत स्टुडिओ आहेत. एसी आणि भिंतीवरचे फोटो बघून भुलू नका. टॅटू काढायच्या आधी एकदा नुसते जा आणि बसून बघा. सुईचं पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडतात का? त्यावर निर्जंतुकीकरणाची खूण आणि मुदतीची तारीख आहे का? शाई मोठ्या बाटलीतून छोट्या प्लॅस्टिकच्या टोपणात काढून घ्यायची असते, आणि उरलेली टाकून द्यायची असते. परत बाटलीत ओतताना दिसली, तर उठून या. मशिन, वायर, फवाऱ्याची बाटली यांवर प्लॅस्टिकचं आवरण हवं. सगळ्यात जास्त लक्ष ठेवा ते हातांवर. अर्ध्यात फोन वाजतो, कलाकार ग्लोव्हज घातलेल्या हातानेच मोबाइल उचलतो, बोलतो, ठेवतो आणि त्याच हाताने पुन्हा काम सुरू करतो. सुई नवी, शाई नवी, पण त्या मोबाइलवरचं सगळं आता तुमच्या जखमेत. असं झालं तर थांबवा आणि ‘दादा, ग्लोव्हज बदला’ म्हणा. चांगला कलाकार रागावत नाही. मी असे कलाकार पाहिलेत जे न विचारता चार-चार वेळा ग्लोव्हज बदलतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणखी एक, पाणी. काळ्या शाईची करडी छटा करायला ती पातळ करतात. कशाने, ते विचारा. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये २०११-१२ मध्ये एकोणीस जणांच्या टॅटूवर पुरळ उठलं, मायकोबॅक्टेरियम चेलोनी नावाच्या जंतूचं. कलाकाराची काही चूक नव्हती. आधीच पातळ करून विकलेल्या करड्या शाईतच जंतू होता. हा जंतू पाण्यात आढळतो आणि त्याच्यावर औषधं बरेच दिवस घ्यावी लागतात. शाई पातळ करायला निर्जंतुक पाणीच हवं. नळाचं नाही, बिसलेरीचंही नाही.

रंगांचं म्हणाल, तर लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यात जास्त दिसते, आणि ती कधीकधी महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा उठते. युरोपीय संघाने २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली आहेत. पहिलाच टॅटू असेल, तर माझं मत सरळ आहे: लहान आणि काळा. पुढे लेझरने काढायची वेळ आलीच, तर काळा त्यातल्या त्यात सहज निघतो. हिरवा-पिवळा हटत नाही. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेवर लेझरचे पांढरे किंवा काळे डाग पडू शकतात.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांकडे यावं. लस टोचलेल्या किंवा कान टोचलेल्या जागी ज्यांच्या गाठी वाढल्या, त्यांनी. त्याला केलॉइड म्हणतात, आणि छाती-खांद्यावर तो जास्त वाढतो. ज्यांना सोरायसिस किंवा कोड आहे त्यांनीही, कारण सुई टोचली त्या रेषेवर तोच आजार उमटू शकतो. मधुमेह, हृदयाच्या झडपेचा दोष, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, यातलं काहीही असेल तर लपवू नका. तिळावर तर टॅटू काढूच नका, त्यात होणारे बदल मग दिसत नाहीत.

आता वेळेचं. ढोलपथकातली मुलंमुली इथे बरीच दिसतायत. गणपतीच्या तोंडावर नवा टॅटू नको. वरची जखम भरायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यात नदीपात्रातला सराव, घाम, ढोलाच्या पट्ट्याचं घासणं, पाऊस, वर गुलाल! अनंत चतुर्दशी होऊ द्या. नंतरही जखम भरेपर्यंत पोहण्याचा तलाव बंद, खपली ओढायची नाही, हळद-बिळद लावायची नाही.

खडकवासल्याच्या एनडीएची किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनो, हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि पंज्याची मागची बाजू, एवढ्याच जागी टॅटू चालतो. आदिवासी समाजातल्यांना त्यांच्या रूढीच्या गोंदणापुरती सवलत मिळू शकते, तीही प्रत्येकाचं प्रकरण बघून. खडकवासल्याचं स्वप्न बघत असाल, तर दंडावरचा वाघ लांबणीवर टाका. आणि नियमित रक्तदान करणाऱ्यांना टॅटूनंतर बारा महिने थांबावं लागतं.

शेवटची चिठ्ठी. नाव नाही. ‘मी गेल्या आठवड्यात जत्रेत काढून घेतला. घरी माहीत नाही. झोप लागत नाही.’

तू जो कोणी आहेस, ऐक. बहुतेक वेळा काहीही होत नाही, पण मनाची समजूत घालून थांबू नकोस. हेपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस आजच घे. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र असतं. तिथे एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि नाव बाहेर जात नाही. आता एकदा कर, तीन महिन्यांनी पुन्हा कर. हेपॅटायटिस बी आणि सीची चाचणी सहा महिन्यांनी परत करून घे. बोलायला कुणी हवं असेल, तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. टॅटू लाल झाला, गरम लागला, पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. आणि बाकीच्यांसाठी सांगते, वापरलेल्या सुईची शंका त्याच दिवशी आली, तर लगेच रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळणारी औषधं बहात्तर तासांच्या आतच सुरू करावी लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं.

मी अजून तासभर इथेच आहे. ज्याने ही चिठ्ठी लिहिली, त्याने सगळ्यांसमोर यायची गरज नाही. मागच्या खोलीत ये.