वस्तऱ्याला पाणी कुठलं?

बेल्जियमच्या पूर्वेला, आर्देनच्या डोंगरांत, साल्म नावाची एक छोटी नदी वाहते. तिच्या काठी व्हिएलसाल्म आणि साल्मशातो ही गावं आहेत. इथल्या पाटीच्या दगडाच्या थरांमध्ये फिकट पिवळी, अरुंद शीर सापडते. हाच कोटिक्यूल, धार लावायचा दगड. वस्तऱ्याला धार लावणाऱ्यांमध्ये त्याचा दबदबा आजही आहे.

पिवळा थर पातळ आणि ठिसूळ, म्हणून त्याच्या पाठीला पाटीचाच तुकडा असतो. धार काढतात ते त्यातले गार्नेट या कठीण खनिजाचे कण. आकार साधारण ५ ते १५ मायक्रॉन, अंगाला अनेक पैलू आणि पैलूंचे कोन बोथट. त्यामुळे हे कण पोलाद भराभर खातात, पण खोल ओरखडा पाडत नाहीत.

आता यावर पाणी कुठलं घालायचं? नळाचं, आरओचं की डिस्टिल्ड? हौशी मंडळींत यावरून चांगलीच जुंपते. व्हिएलसाल्मच्या उत्तरेला, जवळच स्पा हे गाव आहे. तिथलं बाटलीबंद पाणी कमी खनिजांसाठी नावाजलेलं, लिटरमागे जेमतेम ३३ मिलिग्रॅम. दगड इथला, मग पाणीही असंच हवं, असं वाटणं साहजिक आहे. पण दगडाला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

जड पाण्यातला चुना विरघळलेला असतो. तो पात्याला टोचत नाही. पाणी वाळून पांढरी पुटं धरली तरी ती कॅल्साइटची. खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोह्सच्या मापावर कॅल्साइट (म्हणजे हाच चुना) ३, गार्नेटचा ७च्या आसपास. कडक केलेल्या पोलादाचं चुना काय बिघडवणार? खरी भीती रेतीच्या कणाची. रेती म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणा ७. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, त्यातला एकच खडा धारेला खाच पाडू शकतो. म्हणून पाणी निवळू द्यायचं, मग वरचं तेवढं घ्यायचं. यापलीकडे पाण्याच्या जातीची चिंता नको.

चिंता करायची ती पाणी किती, याची.

नीट बघा. दगडावर चार थेंब पडले. कोटिक्यूल भिजत घालावा लागत नाही, तो पाणी पीतच नाही. मग त्याच दगडाचा छोटा तुकडा वरून घासला, की दुधासारखी स्लरी, म्हणजे दगडाची पूड मिसळलेलं पाणी, तयार होते. वस्तरा आडवा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, हात हलका. स्लरीत सुटे गार्नेट असतात. पोलाद झपाट्यानं झिजतं आणि पाणी करडं होतं. पण हेच सुटे कण समोरून धारेवर आदळतात, आणि धार एका मर्यादेपलीकडे बारीक होऊ देत नाहीत. म्हणून काही हात झाले की एक थेंब पाणी. पुन्हा काही हात, पुन्हा थेंब. स्लरी विरळ होत जाते, आवाज बदलतो, पातं दगडाला चिकटल्यासारखं ओढ घेऊ लागतं. शेवटचे हात निव्वळ स्वच्छ पाण्यावर. काहीजण तर चक्क नळाच्या बारीक धारेखाली मारतात.

घाईनं पाणी ओतलं, तर कच्च्या धारेलाच नुसती चकाकी येते. आणि आपल्याकडच्या वैशाखात पंखा चालू ठेवून बसलात, तर उलटंच होतं. थेंब उडून जातात आणि विरळ केलेली स्लरी पुन्हा दाट होते.

पाण्याची जात एकाच ठिकाणी आडवी येते. शेवटच्या टप्प्यात काहीजण हात सरकावा म्हणून साबण वापरतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरी सोयच नसेल तर ६००पर्यंत. बोअरच्या अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साका होतो आणि दगडावर बसतो. मग साबणाऐवजी भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घ्या, किंवा आरओचं पाणी. गॅरेजमधलं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणीही चालेल, पण त्यानं धार जास्त लागेल ही आशा नको.

समुद्राकाठच्या मचूळ विहिरीचं पाणी मात्र टाळा. त्यातल्या क्लोराइडनं कार्बन पोलादाला लवकर गंज चढतो, आणि तो आधी बारीक धारेलाच धरतो. पाणी कुठलंही असो, काम झालं की पातं पुसायचं, मुठीच्या सांध्यात अडकलेलं पाणी टिपून घ्यायचं, आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच वस्तरा चामडी पट्ट्यावर न्यायचा. दमट हवेत पेटीत ठेवताना तेलाचा एक हात.