सीटखालची वायर

(दृश्य: संध्याकाळचा खडेबाजार. गर्दीतून नंबरप्लेट नसलेली स्कूटर.)

बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटजवळ पाच मिनिटं उभं राहा. बिनप्लेटची एखादी तरी बॅटरीची स्कूटर आवाज न करता अंगाजवळून जाईल. प्लेट नाही एवढ्यानं ती बेकायदेशीर ठरत नाही.

मोटर २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. हे तिन्ही जुळलं तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ तिला मोटार वाहन धरत नाहीत. नोंदणी, लायसन्स, विमा काहीच नको. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर मात्र हवा, आणि मॉडेलला चाचणी संस्थेचं प्रमाणपत्रही. दुकानात त्याची प्रत मागून घ्या. नियम केंद्राचा, त्यामुळे शिनोळीजवळ हद्द ओलांडून महाराष्ट्रात गेलात तरी सूट तीच.

(दृश्य: सीट उघडलेली, कंट्रोलरच्या वायरी.)

बऱ्याच कंट्रोलरना, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डब्यांना, वेग रोखणारी वेगळी वायरजोडी असते. तिचा कनेक्टर काढला की तीच गाडी चाळीसला पळते. काम दोन मिनिटांचं, म्हणून तर सर्रास होतं. ब्रेक मात्र पंचविसाच्या हिशेबाचेच राहतात. वेग २५ चा ४० झाला, की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जवळपास अडीचपट अंतर लागतं. हे कोरड्या रस्त्याचं गणित. खानापूर रोडवरचा जुलैचा पाऊस यात धरलेला नाही.

शिवाय सूट तिथेच संपते. आता ती विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन. नोंदणी नसल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड. चालवणारं पोर अल्पवयीन असेल, तर कलम १९९-अ खाली पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. कुणाला धडक बसली, तर भरपाई घरातून.

(दृश्य: फूटपाथ, चालणारी माणसं, मागून स्कूटर.)

‘ही मोटार वाहन नाही, मग फूटपाथवर चालते,’ असंही ऐकू येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ मात्र कुठल्याही वाहनाबद्दल बोलतं: सार्वजनिक रस्त्यावर लोकांच्या जिवाला धोका होईल असं बेदरकार चालवलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

(दृश्य: जुनी स्कूटर, सौदा चाललेला.)

जुनी गाडी घेताना सीट उचलून बघा. कापलेली किंवा टेप गुंडाळलेली वायर दिसली, तर विचारा. स्टँडवर चाक फिरवून वेग बघू नका, भार नसताना आकडा जास्तच दिसतो. सपाट रस्त्यावर, पूर्ण चार्ज बॅटरीवर, मोबाईलच्या जीपीएसनं मोजा.