चढावर गाडी मिसिंग मारते तेव्हा

[पहाट. भायखळ्याचा भाजी बाजार. छोट्या टेम्पोच्या हौद्यात कोबीची पोती चढताहेत.]

सहाशे किलो माल भरून हा टेम्पो आता चेंबूरकडे निघालाय. सपाटीवर तक्रार नाही. पण पुलाचा चढ लागला आणि ॲक्सिलरेटर दाबला की गाडी गचके खाते. गॅरेजच्या भाषेत, मिसिंग मारते. पेट्रोलवर टाकली तर बरीच सुधारते, पुन्हा गॅसवर, म्हणजे सीएनजीवर, घेतली की पुन्हा तेच.

चढ, भरलेला हौदा आणि गॅस ही तीन लक्षणं एकत्र दिसली, तर इंजिन उघडायच्या गोष्टी करण्याआधी स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून इंधन पेटवणारे प्लग, बाहेर काढून बघावेत.

[सोसायटीचं आवार, रविवार सकाळ. गाडी सावलीत उभी.]

आधी एक खात्री करून घ्या, कारण यात भलेभले फसतात. गाडी डिझेलची असेल तर तिला स्पार्क प्लगच नसतात. २००५ साली टाटांचा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, रस्त्यावर आला तो डिझेलवर. डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेटतं, त्याला ठिणगी लागत नाही. त्या इंजिनावर असतात ते ग्लो प्लग, आणि त्यांचं काम वेगळं, गार इंजिन सुरू व्हावं म्हणून आत ऊब देण्याचं. हा व्हिडिओ पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. एस गोल्डचं पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन दोन सिलिंडरचं, मारुतीच्या सुपर कॅरीचं चार सिलिंडरचं. जितके सिलिंडर, सहसा तितके प्लग.

[जवळून: सीट उचलली जाते, खाली इंजिन.]

या गाड्यांना पुढे बॉनेट नाही. इंजिन सीटखाली असतं. म्हणजे सीट उचलली की काम हाताशी येतं, पण इंजिनाला वारा कमी मिळतो, त्यामुळे ते थंड व्हायला वेळ लागतो. फेरी मारून आलेल्या गाडीला लगेच पाना लावू नका. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं आहे. गरम असताना ॲल्युमिनियमचे आटे नरम असतात आणि प्लगसोबत ओरबाडून बाहेर येतात. शे-दीडशे रुपयांच्या साध्या प्लगपायी हेड उतरवून टर्नरकडे न्यायची वेळ येते ती याच घाईमुळे. रात्री उभी केलेली गाडी सकाळी उघडा, हे सगळ्यात सोपं.

हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, मागच्या चाकाखाली वीट लावा. सीएनजी टाकीचा हाताने फिरवायचा वॉल्व्ह बंद करा. गॅसच्या नळीला हात लावायचं कारणच नाही, पण सीटखाली गॅसचा वास आला तर काम तिथेच थांबवा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, बहुतेक ठिकाणी १० नंबरचा पाना चालतो.

[पथारीवर हत्यारं.]

हत्यारं फार नाहीत. रॅचेट, लांब एक्स्टेंशन आणि आत रबर किंवा चुंबक असलेला प्लगचा सॉकेट. तो बहुतेक १६ मिलिमीटरचा लागतो, काही नव्या इंजिनांना १४ चा. फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, मिळाला तर उत्तम. आणि हातभर लांबीची रबराची नळी, तिचं काम पुढे येईल.

[जवळून: कॉइलचं कनेक्टर.]

बहुतेक नव्या इंजिनांवर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते, म्हणजे बॅटरीची वीज ठिणगी उडण्याइतकी चढवणारा भाग. जुन्या रचनेत कॉइल वेगळी आणि तिथून प्लगपर्यंत जाड वायर, म्हणजे लीड. कॉइल असेल तर आधी कनेक्टर. उष्णतेने त्याचं प्लॅस्टिक वाळकं झालेलं असतं. लॉक आत दाबून मगच ओढा, नुसतं हिसकलं तर खटका तुटतो आणि पुढे ते कनेक्टर रस्त्याच्या धक्क्यांनी सुटत राहतं. कॉइलचा बोल्ट काढा, कॉइल थोडी डावी-उजवी फिरवून रबर सुटं करा आणि सरळ वर ओढा. लीड असेल तर वायरला धरून ओढू नका, कॅपला धरा.

एका वेळी एकच प्लग. सगळ्या लीड एकदम काढल्या आणि परत लावताना क्रम चुकला, तर चार सिलिंडरच्या इंजिनाचा १-३-४-२ असा ठिणगीचा क्रम बिघडतो आणि गाडी सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन फटाके फोडते.

[प्लगच्या विहिरीत विजेरीचा उजेड.]

आता प्लग ज्या खोल विहिरीत बसलाय तिच्यात डोकावा. मुंबईतल्या गाडीत इथे काय काय सापडतं! रस्त्याची धूळ, गंज, पावसाळ्यानंतर पाण्याचे डाग. प्लग काढल्यावर ही सगळी घाण थेट सिलिंडरमध्ये पडणार. म्हणून आधी चष्मा घाला आणि सायकलच्या पंपाने विहीर साफ फुंकून घ्या. विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर दोष प्लगचा नाही, इंजिनावरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं, सील गळतंय. नवा प्लग टाकून ते थांबणार नाही, उलट ऑइलने कॉइलचं रबर फुगून तीही जाईल.

सॉकेट सरळ बसवा. डावीकडे पाव फेरा. प्लग सुटला तर उत्तम. जड लागला, करकरला, तर जोर वाढवू नका. पुन्हा थोडा उजवीकडे घट्ट करा, आट्यांवर गंज सोडवणारं तेल शिंपडा, अर्धा तास चहाला जा. मग थोडा मागे, थोडा पुढे असं करत काढा.

[चार जुने प्लग, पांढऱ्या कापडावर, क्रमाने.]

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडा. इथे जरा वेळ द्यायला हवा, कारण इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते प्लगच्या टोकावर दिसतं.

फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सगळं ठीक. सीएनजीवर ते जास्तच फिकट असतं, त्याने घाबरू नका. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर चोंदलाय किंवा गाडी सतत पेट्रोलवर रखडत चालतेय. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांवर गेलं की काजळी स्वतःच जाळून टाकतं. सायनच्या सिग्नलवर तासभर रखडणाऱ्या गाडीचा प्लग कधी कधी तिथवर पोहोचतच नाही. ओलसर, तेलकट काळा थर असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा वॉल्व्ह सील बघावी लागतील. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे प्लग जास्त तापतोय. नंबर चुकीचा, प्लग सैल, किंवा मिश्रणात हवा जास्त.

पांढऱ्या चिनीमातीवर, षटकोनाला लागून, तपकिरी वलय दिसलं की अनेक जण ‘प्लग लीक आहे’ म्हणतात. तो लीक नाही. जास्त दाबाच्या विजेमुळे आजूबाजूचे तेलाचे कण तिथे चिकटतात, एवढंच. पण चिनीमातीवर वरून खाली बारीक काळी रेघ असेल, तर ठिणगी बाहेरून पळतेय. तिथे प्लगसोबत कॉइलचं रबरही बदला.

[अगदी जवळून: झिजलेलं मधलं टोक, शेजारी नवा प्लग.]

आता चढावरच्या मिसिंगकडे. नव्या प्लगचं मधलं टोक धारदार कडेचं असतं आणि ठिणगी धारेवरून सहज उडते. वापरून ते गोल होतं, आणि टोकापासून वरच्या वाकड्या पट्टीपर्यंतची फट, म्हणजे गॅप, वाढते. गॅप वाढली की कॉइलला जास्त व्होल्ट द्यावे लागतात. त्यात भरल्या गाडीने चढ घेतला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबाखाली ठिणगी उडवणं आणखी अवघड. वर गॅस. सीएनजीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. तिन्ही गोष्टी एकाच क्षणी जुळून येतात ती जागा म्हणजे चढ. कॉइल हरते आणि एक ठोका चुकतो. पेट्रोलवर तोच प्लग अजून काही हजार किलोमीटर ओढतो, म्हणून मालकाला वाटतं, गॅस किटमध्येच दोष आहे.

न जळलेला गॅस पुढे सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतो आणि त्याला जाळतो. तो भाग प्लगच्या कितीतरी पट महाग आहे. म्हणून मिसिंग घेऊन महिनाभर धंदा करणं परवडत नाही.

[ऑपेरा हाउस परिसरातली स्पेअर पार्टची दुकानं.]

नवा प्लग घेताना जुना सोबत न्या, पण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, आधीच्याने चुकीचा टाकलेला असू शकतो. गाडीच्या पुस्तिकेतला नंबर हाच खरा. नंबरात उष्णतेची श्रेणी दडलेली असते. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. त्यामुळे ‘सहाला सहा’ असं एका कंपनीचं दुसऱ्याला जुळवू नका. एनजीकेच्या शेवटी ११ असेल तर गॅप १.१ मिलिमीटर. सीएनजीवर सहसा यापेक्षा कमी, ०.७ ते ०.८ च्या आसपास ठेवतात, पण इथेही शेवटचा शब्द पुस्तिकेचा.

नकली माल भरपूर आहे. अस्सल प्लगचा वायसर बोटाने फिरतो पण सहज निघून येत नाही, आटे गुळगुळीत असतात, छपाई पुसट नसते. इरिडियमचा प्लग महाग, पण बारीक टोकामुळे कमी व्होल्टमध्ये ठिणगी देतो. रोज गॅसवर भरलेली गाडी चालत असेल तर तो पैसा वाया नाही.

गॅप फीलर गेजने तपासा. बदलायची असेल तर फक्त बाजूची पट्टी वाकवा, मधल्या टोकाला टेकू देऊन नाही. इरिडियमवर शक्यतो काहीच करू नका. आणि प्लग हातातून फरशीवर पडला तर तो बाजूला ठेवा. आतल्या चिनीमातीची बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, चढावर मात्र कळते.

[रबरी नळीच्या टोकाला प्लग.]

आता ती नळी. प्लगच्या वरच्या टोकावर ती खोचा, प्लग विहिरीत सोडा आणि आधी उलटा, डावीकडे फिरवा. आटे जुळल्याचा हलका ‘टक्’ लागला की उजवीकडे. आटे तिरके धरले गेले तर नळी प्लगवर घसरते, जोर पोहोचतच नाही. रॅचेट मात्र तिरका प्लगही बिनतक्रार आत घुसवतो आणि आटे खातो. सात-आठ फेरे बोटांनीच जायला हवेत.

मग टॉर्क. १४ मिलिमीटर आट्यांचा, वायसरवाला प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर. १२ मिलिमीटरचा १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर १४ चा नवा प्लग बोटांनी टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच प्लग परत लावताना वायसर आधीच चेपलेला असतो, तिथे घड्याळाच्या एका तासाइतकं फिरवणं पुरे. आट्यांना ग्रीस लावू नका. मुलामा दिलेल्या प्लगला त्याची गरज नसते, आणि चोपडलेला प्लग त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो. सैल सोडणंही तितकंच वाईट. प्लगची उष्णता वायसरमधून हेडमध्ये जाते, सैल प्लग तापून लाल होतो.

[कॉइल परत बसते.]

कॉइलच्या रबराच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहून नेणाऱ्या, ग्रीसचा पातळ थर द्या, जुलैत पाणी आत शिरायला अटकाव होतो. कॉइल दाबून बसवा, बोल्ट बेताने, कनेक्टरचा खटका ऐकू आला पाहिजे. सगळे झाले की बॅटरी, मग गॅसचा वॉल्व्ह.

ठिणगी बघायला प्लग हेडला टेकवून सेल्फ मारायची जुनी सवय आहे. सीएनजी गाडीवर, बंद केबिनमध्ये, ती मुळीच नको.

[सेल्फ. इंजिन सुरू होतं. डॅशबोर्डवर दिवा.]

चेक इंजिनचा दिवा पेटून राहिला, तर बहुतेक वेळा एखादं कनेक्टर अर्धवट बसलेलं असतं. ते बघूनही मिसिंग असेल तर ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावा. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ दुसरा. समजा ०३०२ आला. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर टाका, तिसऱ्याची दुसऱ्यावर, कोड पुसा आणि चक्कर मारा. कोड ०३०३ झाला तर कॉइल गेलीय. तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब.

[पावसाळा. हिंदमाता, गुडघाभर पाणी, बंद पडलेला टेम्पो.]

हाच प्लग पाना पावसात दुसऱ्या कामाला येतो. पाण्यात गाडी बंद पडली आणि एअर फिल्टर ओला निघाला, तर सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून कोरड्यावर घ्या. कॉइल आणि इंजेक्टरची कनेक्टरं सोडा, सगळे प्लग काढा आणि मगच सेल्फ फिरवा. सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकांतून कारंज्यासारखं उडेल, तोंड बाजूला ठेवा.

[मार्कर, एअर फिल्टरच्या झाकणाची आतली बाजू: तारीख, किलोमीटर, प्लगचा नंबर, गॅप. झाकण बंद होतं. सीट खाली येते.]