घाण्याचं तेल घेताय? आधी हिशोब करा

नमस्कार मंडळी, काय चाललंय? ऊन चढायलंय, करडईची काढणी उरकत आलीय, आणि आता पिशव्या भरून घाण्यावर जायचे दिवस, तेव्हा आज तेलाचंच बोलू.

आपल्या सोलापुरात सध्या जिकडं बघावं तिकडं लाकडी घाण्याचे बोर्ड. बैल गेला, मोटर आली, त्यात काही वाईट नाही. लाकडात लाट, म्हणजे मधला जाड दांडा, हळू फिरते, दाणा चिरडत जातो, तेल फार तापत नाही, पण दाबही कमी पडतो, म्हणून पेंडीत 10-12 टक्के तेल सहज राहून जातं. एक्सपेलरमध्ये, म्हणजे तेल काढायच्या लोखंडी मशीनमध्ये, स्क्रू माल पुढं रेटतो अन् जागा आवळत जाते, मग पेंडीत 6-7 टक्केच उरतं, पण घासून घासून माल चांगलाच गरम होतो. 

आता गणित. चांगल्या शेंगदाण्यात निम्मं तेल असतं, पण घाण्यावर 10 किलोला हातात येतं 4 किलोच्या आसपास, आणि लिटरभर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम, म्हणजे एका लिटरला सव्वादोन किलो दाणे गेले. मार्केट यार्डातला दाण्याचा भाव विचारा, सव्वादोननं गुणा, मजुरी धरा, पेंडीचे पैसे वजा करा. बाटली याच्या खूप खाली मिळत असेल तर त्यात शेंगदाण्याशिवाय काय आहे हे दुकानदारालाच विचारायचं, मी काय सांगू!

करडईचं वेगळं. टरफल जाड, तेल 30 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळं दाण्याच्या मानानं तेल कमीच निघतं. शिवाय हे तेल लवकर खवट होतं, उन्हाळ्यात तर फारच, म्हणून महिनाभर पुरेल एवढंच काढा, अंधारात ठेवा.

आणि एक, दाणे स्वतः निवडून न्या हं. काळपट, सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा घाण्यात गेला तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष पेंडीत तर उतरतंच, थोडं तेलातही येतं, आणि घाण्याचं तेल रिफाइन होत नाही त्यामुळं ते तसंच ताटात, लाकडी घाणा असला तरी. ताजं तेल गढूळ दिसलं म्हणून घाबरू नका, दोन-तीन दिवस ठेवलं की गाद खाली बसते, वरचं निथळून घ्या. पेंड मात्र तिथंच सोडून येऊ नका, पैसे तिचेही दिलेत की तुम्ही, दारात म्हैस नसली तर शेजारच्या गोठ्यात विका.