वरच्या मजल्यावरचं पाणी आणि खालच्या मजल्यावरचा विमा

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत ‘ब्लॉक’ म्हटलं की दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी डोळ्यांपुढे येते. इंग्लंडमध्ये ब्लॉक म्हणजे अख्खी इमारत. तिच्यातला फ्लॅट आपण विकत घेतला असं म्हणतो, पण इंग्लंड आणि वेल्समध्ये बहुतेक वेळा हातात येतं ते लीज, म्हणजे ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांचा भाडेपट्टा. भिंती, छप्पर, जिना आणि खालची जमीन फ्रीहोल्डरच्या मालकीची. म्हणून इमारतीचा विमा साधारणपणे फ्रीहोल्डर किंवा त्याचा मॅनेजिंग एजंट उतरवतो आणि प्रीमियम सर्व्हिस चार्जमधून आपल्याकडून वसूल होतो. पैसे आपले, पॉलिसीवर नाव दुसऱ्याचं. पुण्या-मुंबईतल्या सोसायटीत निदान सेक्रेटरीला जिन्यात गाठता येतं. इथे ज्याला गाठायचं तो तीस मैलांवरच्या ऑफिसात बसलेला असतो. त्यामुळे कोणी, कोणाला, कधी आणि कसं कळवलं, यावर इथे अर्धा विमा अवलंबून असतो.

शनिवारची संध्याकाळ घ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात छताला बशीएवढा पिवळट डाग दिसतो, तासाभरात तिथलं प्लास्टरबोर्ड फुगून खाली लोंबू लागतं. आधी त्या खोलीतल्या दिव्यांचा सर्किट ब्रेकर खाली पाडा. फुगवट्याखाली बादली ठेवा आणि बाजूला उभं राहून स्क्रूड्रायव्हरने एक छोटं भोक पाडा, म्हणजे साचलेलं पाणी एका धारेत उतरेल आणि सगळं छत अंगावर येणार नाही. त्याआधी फोटो मात्र काढा. मग वर जाऊन दार वाजवा आणि त्यांना स्टॉपकॉक, म्हणजे घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य नळ, बंद करायला सांगा. तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो, आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की बंद होतो. वरच्या घरी कोणी नसेल तर एजंटच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करा.

इथवर सगळे बरोबर वागतात. पुढची चूक अशी की इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘पाणी गळतंय’ असं लिहिलं जातं, त्यावर चौदा उत्तरं येतात, दोन रडके चेहरे येतात, आणि सगळ्यांना वाटतं की कळवून झालं. एजंट त्या ग्रुपवर नसतो, आणि असला तरी ती रीतसर सूचना ठरत नाही. त्याच रात्री ईमेल टाका. फ्लॅट नंबर, पाणी कधी दिसलं, कुठून येतंय, काय काय भिजलं, थांबलं की नाही, फोनवर कोणाशी बोलणं झालं, आणि फोटो. सहा ओळी पुरतात. लीजमध्ये नोटीस लेखी आणि टपालानेच द्यावी असं कलम असेल तर त्याची प्रत पोस्टानेही जाऊ द्या.

प्लंबर येऊन गेल्यावर तुटलेला भाग फेकू नका. बेसिनखालची जाळीदार लवचिक नळी, वॉशिंग मशीनचा पाइप, फ्लशच्या टाकीचा प्लास्टिकचा नट यांतलं जे काही फुटलं असेल ते पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. विमा कंपनीचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की हे अचानक फुटलं की हळूहळू झिजलं? अचानक फुटलं तर नुकसान भरून मिळतं. बाथटबच्या कडेचं सिलिकॉन दोन वर्षं काळं पडून सुटत आलेलं असेल आणि पाणी थेंबथेंब मुरत असेल, तर ती झीज धरली जाते आणि क्लेम नाकारला जाऊ शकतो. म्हणून पहिला डाग दिसला त्या दिवशीच कळवावं, छत पडायची वाट बघू नये. शिवाय फुटलेली नळी बदलण्याचा खर्च सहसा विम्यात येत नाही, पाण्याने झालेलं नुकसान येतं. गळती शोधण्यासाठी फरशी किंवा भिंत फोडून पुन्हा बुजवण्याचं वेगळं कलम असतं, त्याला इथे ‘ट्रेस अँड अॅक्सेस’ म्हणतात. त्याची मर्यादा किती पौंडांची आहे ते पॉलिसीत बघून ठेवा.

आणि रंगाची घाई नको. भिजलेलं प्लास्टर वाळायला काही आठवडे लागतात. डीह्युमिडिफायर लावून ओलावा मीटरने मोजला जातो, आकडा खाली आल्यावरच ब्रश. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून आठ दिवसांत रंग लावला की नाताळापर्यंत तोच डाग परत डोकावतो, आणि दुसऱ्यांदा कोणी पैसे देत नाही.

आता एक्सेस, म्हणजे क्लेममधला विमा कंपनी न देणारा पहिला हिस्सा. पाणीगळतीचे क्लेम सगळ्यांत जास्त, म्हणून तिथला एक्सेसही सहसा चढा. समजा तो १,००० पौंड आहे आणि इमारतीत २४ फ्लॅट आहेत. सर्व्हिस चार्जमधून समान वाटला तर प्रत्येकी साधारण ४२ पौंड. ज्याच्या घरातून पाणी आलं त्याच्याकडूनच पूर्ण घ्यायचा का, हे लीजमधल्या शब्दांवर ठरतं, एजंटच्या मर्जीवर नाही. जिन्यातली निम्मी भांडणं या एका मुद्द्यावर होतात. तेव्हा ते कलम भांडणाआधीच वाचलेलं बरं.

विम्याची रक्कम हा दुसरा नाजूक भाग. इमारत बाजारात कितीला विकली जाईल याच्याशी तिचा संबंध नाही. जळून खाक झाली तर पाडणं, राडारोडा उचलणं, आर्किटेक्टची फी आणि कर धरून नव्याने बांधायला किती लागेल, तो आकडा हवा. तो चार्टर्ड सर्व्हेअरकडून दर तीन वर्षांनी काढून घेण्याची चांगली पद्धत आहे, मधल्या वर्षांत निर्देशांकाने वाढवतात. हा खर्च वाचवला की काय होतं बघा. पुनर्बांधणीचा खरा खर्च ६० लाख पौंड, विमा ४५ लाखांचा, म्हणजे तीनचतुर्थांश. पॉलिसीत ‘अॅव्हरेज’चं, म्हणजे विमा जितका अपुरा तितकी भरपाई कमी, असं कलम असेल तर ४०,००० पौंडांच्या साध्या क्लेमलाही ३०,०००च मिळतात. उरलेले १०,००० चोवीस घरांनी भरायचे, घरटी सुमारे ४१७ पौंड. सर्व्हेअरची फी त्यापुढे काहीच नाही.

प्रीमियमकडे वळू. त्यावर १२ टक्के विमा कर असतो. १४ जून २०१७ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. त्यानंतर ज्वालाग्राही क्लॅडिंग, म्हणजे भिंतींवरचं बाहेरचं आवरण, असलेल्या इमारतींचे प्रीमियम भडकले, काहींना तर विमा देणारेच मोजके उरले. पण वाढीचं सगळं खापर आगीवर फोडता येणार नाही. ब्रोकर घसघशीत कमिशन घेत आणि त्यातला वाटा फ्रीहोल्डर किंवा एजंटकडे जाई. एफसीए या वित्तीय नियामकाने यात लक्ष घातलं, आणि ३१ डिसेंबर २०२३पासून नवे नियम लागू झाले. विमा कंपनी आणि ब्रोकरला आता लीजधारकांच्या हिताचा विचार करावा लागतो. संरक्षण काय, प्रीमियम किती, त्यात कोणाचं कमिशन किती, ही माहिती त्यांना फ्रीहोल्डरमार्फत लीजधारकांपर्यंत पोचेल अशी द्यावी लागते. मे २०२४मध्ये मंजूर झालेल्या लीजहोल्ड सुधारणा कायद्यात अशा कमिशनवर बंदीची तरतूद आहे, मात्र त्या कायद्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होणारी आहेत. तोवर आपण मागितल्याशिवाय कागद आपोआप दारात येईल, या भरवशावर राहू नका.

मागायचं कसं? १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्यानुसार विम्याचा सारांश लेखी मागता येतो. कंपनी कोणती, रक्कम किती, कोणते धोके धरलेत, हे त्यात हवं, आणि ते २१ दिवसांत द्यावं लागतं. नंतर मूळ पॉलिसी आणि प्रीमियम भरल्याचा पुरावा पाहता येतो. सर्व्हिस चार्जची मागणी आली की तीही पाहून घ्या. तिच्यावर फ्रीहोल्डरचं नाव-पत्ता हवा आणि सोबत लीजधारकांचे हक्क सांगणारं ठरावीक पत्रक हवं. ते नसेल तर येईपर्यंत पैसे रोखता येतात, पण लेखी कारण देऊन. नुसतं गप्प बसून नाही. प्रीमियम अवाच्या सवा वाटला तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. फ्रीहोल्डरने स्वस्तातली स्वस्त पॉलिसीच घ्यावी असं बंधन नाही, खर्च वाजवी हवा इतकंच. म्हणून तिथे ‘महाग आहे’ एवढं म्हणून भागत नाही. तसंच संरक्षण आणि तितकाच एक्सेस असलेली दुसरी कोटेशन जोडावी लागतात, नाहीतर आंब्याची तुलना फणसाशी होते.

काही इमारतींचा कारभार रहिवाशांच्याच कंपनीकडे असतो आणि आपल्यापैकी कोणीतरी तिचा डायरेक्टर होऊन बसतो, बहुधा सभेला उशिरा पोचल्याची शिक्षा म्हणून. अशांनी नूतनीकरणाच्या सहा-आठ आठवडे आधी सगळ्यांना एक पत्र पाठवावं. कोणी फ्लॅट भाड्याने दिला का, अल्प मुदतीच्या पाहुण्यांना देतो का, घरातून धंदा चालतो का, कोणता फ्लॅट रिकामा आहे? विमा कंपनीला खरी माहिती नीट मांडण्याचं बंधन २०१५च्या इन्शुरन्स कायद्याने पॉलिसी घेणाऱ्यावर आहे. एका घराने लपवलेली गोष्ट उरलेल्या तेवीस घरांना नडू शकते. डायरेक्टरांनी स्वतःसाठी दायित्वाचा वेगळा विमाही बघावा, इमारतीच्या पॉलिसीत तो असेलच असं नाही. घरातलं सामान, म्हणजे सोफा, कपडे, दागिने, इमारतीच्या विम्यात येत नाही. ती पॉलिसी ज्याची त्याने घ्यायची.

रिकाम्या फ्लॅटची बाब आपल्या लोकांना खास लागू आहे, कारण आपण भारतात जातो ते चार-सहा आठवड्यांसाठी, आणि तेही ऐन डिसेंबर-जानेवारीत. घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की अनेक पॉलिसींत पाणीगळतीचं संरक्षण आटतं, किंवा आठवड्याला कोणीतरी बघून जावं अशी अट येते. आपल्या पॉलिसीत किती दिवस लिहिलेत ते तिकीट काढतानाच बघा. एजंटला जाण्या-येण्याच्या तारखा आणि किल्ली कोणाकडे आहे ते ईमेलने कळवा. आठवड्याला घर बघून जाणाऱ्या शेजाऱ्याला प्रत्येक वेळी तारखेसह एक फोटो पाठवायला सांगा. आणि स्टॉपकॉक निघायच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी फिरवून बघा. वर्षानुवर्षं न हलवलेला जाम झालेला असतो, आणि टॅक्सी दारात उभी असताना प्लंबर मिळत नाही.