सावलीला नाव देताना

श्रोतेहो, नमस्कार.

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली एखादी फँटसी कादंबरी हाती आली आणि तिच्या मागच्या पानावर 'स्वतःच्या शोधाची कहाणी' असे शब्द दिसले, की मी एक प्रश्न मनात धरून वाचायला बसते. या मुलाला किंवा मुलीला शेवटी स्वतःबद्दल जे कळणार आहे, ते ऐकायला गोड वाटेल असं आहे की नाही? बहुतेक वेळा ते गोडच असतं. तू सामान्य नाहीस, तुझ्या अंगात कुणा थोराचं रक्त आहे, जुन्या भविष्यवाणीतला तो तूच. वाचताना छान वाटतं, मलाही वाटतं. पण पुस्तक मिटल्यावर हातात काय उरलं म्हणून पाहावं, तर बक्षीस समारंभाहून परत आल्यासारखं होतं. मुलगा आधी होता तसाच असतो, फक्त आता त्याच्या डोक्यावर मुकुट असतो.

या प्रश्नावर खरी उतरलेली एक कादंबरी आज मला तुमच्यापुढे ठेवायची आहे. अर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ साली प्रसिद्ध झालेली. मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा, असं एका प्रकाशकानं त्यांना सुचवलं होतं. तोवर त्यांनी त्या वयासाठी लिहिलेलं नव्हतं. विचार करताना त्यांच्या मनात आलं, की गोष्टींमधले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे, पिकलेले, शहाणे असतात. पण ते कधीतरी पंधरा वर्षांचेही असणारच ना? तेव्हा ते कसे वागत होते, आणि एवढी घातक विद्या शिकले कुठे? आज जादूच्या शाळेच्या गोष्टी आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. तेव्हा हा प्रश्न ताजा होता.

आता कथेकडे येते. शेवट मी सांगणार आहे, कारण या कादंबरीचं मोल तिच्या शेवटावरच ठरतं.

अर्थसी हे समुद्रात विखुरलेल्या बेटांचं जग. त्यातल्या गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर एक आईवेगळा मुलगा शेळ्या राखतो. त्याची मावशी गावची चेटकीण. ती एक शब्द उच्चारते आणि शेळी छपरावरून खाली येते, हे त्याला दिसतं. दुसऱ्या दिवशी तोही माळावर तोच शब्द म्हणतो. शेळ्या येतात, सगळ्या येतात, त्याच्याभोवती दाटीवाटीनं उभ्या राहतात आणि काही केल्या हलत नाहीत. बोलवायचा शब्द त्याला माहीत आहे, सोडायचा माहीत नाही. घाबरून तो गावाकडे पळत सुटतो, तर शेळ्याही त्याला चिकटून पळतात.

पहिल्या काही पानांतला हा प्रसंग वाचकाला गमतीचा वाटतो. पुढची सगळी कादंबरी त्यात दडलेली आहे हे नंतर लक्षात येतं, आणि अशी बांधणी पाहिली की मला लेखिकेच्या हातांचा हेवा वाटतो.

तेराव्या वर्षी या मुलाला त्याचं खरं नाव मिळतं: गेड. खरं नाव ही या जगातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ज्याला एखाद्या वस्तूचं किंवा माणसाचं खरं नाव माहीत, त्याची त्यावर सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं नाव जपतात आणि एरवी टोपणनावानं वावरतात. पुढे जादूच्या शाळेत गेड कित्येक महिने एका एकाकी मनोऱ्यात बसून फक्त नावं पाठ करतो. प्रत्येक उपसागराचं, प्रत्येक खडकाचं, प्रत्येक वनस्पतीच्या प्रत्येक भागाचं वेगळं नाव. फँटसीतली जादू बहुधा हवी तशी ताणली जाते. लेखकाला अडचण आली की नवा मंत्र निघतो. इथे जादूचा नियम एकच आहे आणि तोच कादंबरीचा आशयही आहे. नाव कळणं म्हणजे ओळखणं. मग स्वतःला ओळखायचं म्हणजे नेमकं कशाला नाव द्यायचं?

गेडला नाव देणारा त्याचा पहिला गुरू ऑजियन फारसं बोलत नाही. पाऊस येतो तेव्हा मुलाला वाटतं, आता हा मंत्र म्हणून ढग हटवेल. ऑजियन पाऊस पडू देतो, एक दाट झाड शोधतो आणि त्याच्याखाली आडवा होतो. मुलगा भिजत, धुमसत बसून राहतो: सामर्थ्य असून वापरायचं नाही, तर ते हवंच कशाला? लहानपणी ही पानं मी भराभर उलटली होती, मला ड्रॅगनपर्यंत पोचायचं होतं. आता याच पानांवर मी सर्वांत जास्त वेळ थांबते. गेडची घाई तेव्हा मला चूक वाटलीच नव्हती, आणि किशोरवयीन वाचकाला ती वाटूही नये. लेखिका गेडच्या बाजूनं लिहिते. तो चुकणार हे तिला ठाऊक आहे, पण ती आधीच बोट उगारत नाही.

रोक बेटावरच्या शाळेत जॅस्पर नावाचा एक श्रीमंत, रुबाबदार मुलगा गेडला टोचून बोलत राहतो. शेवटी ईर्ष्येच्या भरात, सगळ्यांसमोर, गेड मेलेल्या माणसाचा आत्मा बोलावून दाखवायला निघतो. आत्मा येतो. पण जगाला पडलेल्या त्या फटीतून आणखी एक काळी, आकार नसलेली वस्तू, एक सावली, बाहेर पडते आणि त्याच्या चेहऱ्यावर झेप घेते. फट बुजवताना शाळेचा वृद्ध प्रमुख आपली सगळी शक्ती घालवतो आणि मरतो. गेडच्या गालावर व्रण राहतात, ते जन्मभरासाठी.

या पुस्तकात कुणी दुष्ट सम्राट नाही. जॅस्परनं डिवचलं हे खरं, पण मंत्र गेडनं म्हटला. एक माणूस त्याच्यापायी गेला, आणि त्यावर फुंकर घालणारं, 'अरे, यात तुझा दोष नव्हता' असं सांगणारं एकही पात्र लेखिकेनं आणलेलं नाही. बारा-पंधरा वर्षांच्या वाचकावर एवढा विश्वास टाकणारी पुस्तकं मी फार थोडी वाचली आहेत.

त्यानंतर गेड बदलतो, पण हळू आणि वेडावाकडा. चुणचुणीत मुलगा मंदावतो, घाबरतो, मागे पडतो. या मधल्या भागातला एक छोटासा प्रसंग मला फार प्रिय आहे. शाळा सोडून जायचं तर दारावरच्या गुरूचं खरं नाव सांगावं लागतं. गेड दिवसभर डोकं शिणवतो: कुठला मंत्र, कुठली युक्ती? मग तो परत येऊन सांगतो, की तुमचं नाव हिसकावून घ्यायची माझी ताकद नाही आणि फसवून काढून घ्यायची अक्कलही नाही. आणि विचारतो, तुमचं नाव काय? दारावरचा गुरू हसतो आणि नाव सांगतो. बस, एवढंच. मला हे येत नाही, असं म्हणता येणं हीच त्याची परीक्षा होती. असं स्पष्टीकरण लेखिका देत नाही. मी दिलं, ते या भाषणासाठी. पुस्तकात फक्त दार उघडतं.

ड्रॅगन येतोच. म्हातारा, धूर्त, बोलका ड्रॅगन. तो गेडला एक सौदा सुचवतो: तुझ्या मागे लागलेल्या त्या सावलीचं नाव मी तुला सांगतो. गेडला जगात याहून जास्त हवंसं काहीच नाही. पण बेटावरच्या साध्या कोळ्यांना ड्रॅगनपासून वाचवायचा त्यानं शब्द दिलेला आहे. ड्रॅगनचं खरं नाव त्यानं जुन्या ग्रंथांवरून ताडलेलं असतं. त्याच्या बळावर तो त्या बेटांची सुटका मागून घेतो आणि स्वतःसाठी काही मागत नाही. स्वतःच्या शोधात निघालेला नायक इथे त्या शोधाकडेच पाठ फिरवतो, आणि तिथेच तो मला पहिल्यांदा मोठा झालेला दिसतो.

पण सावली सुटत नाही. पळता पळता, ससाण्याच्या रूपात उडत, जवळजवळ माणूसपण हरवून तो पुन्हा ऑजियनच्या दारी येऊन पडतो. ऑजियनचा सल्ला अगदी साधा आहे: आता मागे वळ. जी तुझा पाठलाग करते, तिचाच तू पाठलाग कर. आणि ज्या क्षणी तो वळतो, त्या क्षणापासून सावली पळू लागते.

शेवटी नकाशात नसलेल्या समुद्रापलीकडे, जिथे पाणीच वाळू होतं, दोघं समोरासमोर येतात. सगळ्या पुस्तकभर शोधलेलं ते नाव गेड उच्चारतो, त्याच क्षणी सावलीही उच्चारते, आणि ते नाव एकच असतं: गेड. तो जिंकत नाही, हरतही नाही. पुष्कळांना इथे मानसशास्त्रज्ञ युंगची 'सावली', म्हणजे आपण स्वतःपासून लपवलेली आपलीच बाजू, आठवते. हे पुस्तक लिहिलं तेव्हा आपण युंग वाचलेला नव्हता, असं ल ग्विन यांनी सांगितलं आहे. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. गेडला स्वतःबद्दल जे कळतं ते गोड नाही. ज्या भयंकर वस्तूपासून तो पळत होता ती त्याचीच होती, त्याच्या गर्वाची, त्याच्या मरणाची, आणि तिला आपलं म्हणण्यावाचून सुटका नव्हती.

हे पुस्तक निर्दोष नाही. त्यातल्या उणिवांपैकी सर्वांत मोठी म्हणजे बायका. रोकच्या शाळेत मुलीला प्रवेश नाही. बायकांची जादू दुबळी किंवा दुष्ट, अशा अर्थाच्या म्हणी गाँटवर सर्रास चालतात आणि कादंबरी त्यांना कुठे अडवत नाही. ती चेटकीण मावशी, जिच्यामुळे गेडला पहिला शब्द मिळाला, ती लवकरच अज्ञानी ठरून बाजूला पडते. एखाद्या मुलीला हे पुस्तक वाचायला देताना ही गोष्ट मला सलते आणि मी ती बोलून दाखवते. ल ग्विन यांनाही ती सलली असावी. १९९० साली, बावीस वर्षांनंतर, त्यांनी याच मालिकेत 'तेहानू' लिहिली. तिच्या मध्यभागी एक मध्यमवयीन बाई आणि भाजून निघालेली एक लहान मुलगी आहे. दुसऱ्या एका बाबतीत मात्र त्या काळाच्या पुढे होत्या. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, त्याचा मित्र वेच काळा आहे. मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षं गेडला गोरा रंगवलं गेलं आणि त्याबद्दलची नाराजी ल ग्विन यांनी उघडपणे मांडली.

भाषा जुन्या दंतकथेसारखी आहे, संवाद कमी आहेत. हल्लीच्या वेगवान कादंबऱ्यांची सवय असेल, तर पहिली चाळीसेक पानं धीर धरावा लागेल. एका लहान मुलाचा मृत्यू यात आहे, आणि त्याला वाचवायला गेड मृतांच्या देशाच्या सीमेपर्यंत जातो तो भाग काळोखा आहे. लहान वाचकाबरोबर तो मोठ्यांनीही वाचावा.

एक गोष्ट राहिली, वेचबद्दलची. शाळेत तो अपघात होऊन गेल्यावर, सगळ्यांच्या नजरेतून उतरलेल्या गेडजवळ येऊन वेच त्याला स्वतःचं खरं नाव सांगतो, कुणी न विचारता. ज्या जगात नाव हाती देणं म्हणजे जीव हाती देणं, तिथे तो हे करतो. शेवटच्या त्या प्रवासातही होडीत तोच असतो. स्वतःचा शोध एकट्यानंच घ्यायचा असतो असं सांगणाऱ्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत. इथे सावलीसमोर गेड एकटाच उतरतो, पण वाळूचं पुन्हा पाणी होतं तेव्हा त्याला ओढून होडीत घ्यायला कुणीतरी आहे. आपण पूर्ण झालो, मोकळे झालो, असं गेड त्याला सांगतो आणि लहान मुलासारखा रडतो. मग दोघं लांबचा समुद्र कापून वेचच्या बेटावर परततात, आणि वेचची धाकटी बहीण आनंदानं रडत त्यांच्याकडे धावत येते.

नमस्कार.