क्षारपड जमीन आणि पिकांतील जनुककुळे

श्रोतेहो, उजनीचे पाणी कालव्यांनी शेतात पोहोचले तसे आपल्या सोलापूर जिल्ह्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले, आणि जिथे भारी काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा होत नाही तिथे क्षारही वर येऊ लागले. उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरा थर धरणारी खारवट जमीन आणि ओली असता चिकट, वाळल्यावर टणक होणारी चोपण जमीन, या दोन्ही आपल्या परिचयाच्या आहेत. अशा जमिनीत तग धरणारे वाण मिळावे ही अपेक्षा रास्त आहे. मात्र त्यापाठोपाठ “क्षार सोसणारे जनुक कोणते?” असा जो प्रश्न हमखास विचारला जातो, तो मला अपुरा वाटतो, कारण वनस्पतीत हे काम एकेकटे जनुक नव्हे, तर जनुकांची कुळे करतात.

एका पूर्वज जनुकाच्या प्रती तयार होतात, लाखो वर्षांत त्या प्रतींमध्ये थोडाथोडा फरक पडत जातो, आणि शेवटी एकाच घडणीची प्रथिने तयार करणारी, पण वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या वेळी काम करणारी अनेक जनुके एकाच पिकात नांदू लागतात. यालाच जनुककुळ म्हणतात. पेशीपटलातून सोडियम व पोटॅशियम यांची ने-आण करणारे एचकेटी हे असेच एक कुळ आहे. प्रयोगशाळेत सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील रोपात त्याचा एकच सदस्य आहे. भातात मात्र वाणानुसार सात ते नऊ आढळतात.

त्यांपैकी एचकेटी१;५ या सदस्याचे काम थोडे जवळून पाहू. मुळांनी शोषलेले पाणी जलवाहिन्यांतून वर चढते, आणि त्याबरोबर क्षारांतला सोडियमही चढू लागतो. या जलवाहिन्यांना लागून असलेल्या जिवंत पेशींच्या पटलात हे प्रथिन बसलेले असते आणि वर निघालेला सोडियम ते रसातून काढून पुन्हा पेशीत ओढून घेते. सोडियम मुळांतच अडला की पानांतले पोटॅशियमचे प्रमाण टिकून राहते. अडला नाही तर तो पानांत साठत जातो आणि जुन्या पानांची टोके व कडा आधी करपतात. नोना बोक्रा हा बंगालमधला खारे सोसणारा भात आणि कोशिहिकारी हा जपानी भात यांची तुलना करून २००५ साली हे जनुक भातात निश्चित करण्यात आले, तेव्हा दोन्ही वाणांतल्या या प्रथिनात अवघ्या चार अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या घटकांचा, फरक आढळला.

गव्हातली गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. चपातीच्या गव्हात तीन जनुकसंच असतात आणि सोडियम अडवणारा प्रभावी सदस्य त्यांपैकी ‘डी’ संचात आहे. बन्सी आणि खपली या गव्हांत तो संचच नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एकदाणी गहू या प्राचीन जातीतला याच कुळातला सदस्य, जनुकांतर न करता, साध्या संकरातून बन्सीच्या वर्गातील गव्हात आणला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार खारवट शेतात त्या गव्हाचे उत्पादन, हे जनुक नसलेल्या त्याच गव्हाच्या तुलनेत, २५ टक्क्यांपर्यंत वाढले. प्रयोगशाळेतल्या कुंडीत यश मिळणे आणि शेतातल्या धान्याच्या वजनात ते उतरणे यांत मोठे अंतर असते, आणि म्हणूनच हा दाखला मला फार मोलाचा वाटतो.

इतर कुळांचा उल्लेख थोडक्यात करतो. एनएचएक्स कुळातली प्रथिने पेशीत शिरलेला सोडियम रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या द्रवाच्या कप्प्यात, कोंडून ठेवतात, तर एसओएस१ तो मुळांतून परत मातीत टाकते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, म्हणजे पाने पिवळी पडतात, त्याचे कारण वेगळे आहे: लोह मातीत असते, पण सामू जास्त असल्याने ते विरघळत नाही. ऊस, ज्वारी, मका ही तृणकुळातली पिके लोहाला धरून ठेवणारी द्रव्ये मुळांतून सोडतात, आणि ती लोहासह आत घेण्याचे काम वायएसएल कुळातले सदस्य करतात.

आता मर्यादेविषयी. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप, सुमारे १.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की उसाचे उत्पादन घटू लागते, तर ज्वारी सुमारे ६.८ पर्यंत तग धरते. मोहोळला निवड पद्धतीने तयार झालेल्या मालदांडीचा हा जिल्हा आहे. तेव्हा मालदांडीत आणि आपल्या इतर गावरान ज्वाऱ्यांत एचकेटी कुळाचे कोणते रूप आहे, ते मुळाच्या कोणत्या भागात आणि केव्हा कार्यरत होते, याचा शोध इथल्या विद्यार्थ्यांनी घ्यावा अशी माझी कळकळीची इच्छा आहे. मात्र साचलेल्या पाण्यात मुळांना प्राणवायू मिळत नाही, सोडियम बाहेर टाकायला लागणारी ऊर्जा तयार होत नाही, आणि मग उत्तम जनुकही निरुपयोगी ठरते. म्हणून माती परीक्षण, निचऱ्याचे चर आणि धैंचा-तागाचे हिरवळीचे खत यांना पर्याय नाही. चोपण जमिनीत जिप्सम घातल्याने मातीच्या कणांवरचा सोडियम सुटतो आणि चरांतून वाहून जातो हे आपण जाणताच. त्यातले कॅल्शियम आणखी एक काम करते. मुळांच्या पेशीपटलातील ज्या वाटांनी सोडियम आत शिरतो त्यांतील काही ते अरुंद करते, आणि एसओएस१ला कामाला लावणारा पेशीतला संदेशही कॅल्शियमच्याच मार्फत पोहोचतो.